वाढत्या अंगाची एटीव्ही घेऊ नका

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. गेल्या सुट्टीत अलिबागला गेलो होतो, तेव्हा नागावच्या किनाऱ्यावर दोघांनी एटीव्हीवर (जाड टायरची, मोटरसायकलसारखी हँडल असलेली छोटी चारचाकी) चक्कर मारली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेरमनच्या बाजूला मित्राची १० एकर जागा आहे, शनिवार-रविवार तिथे जाता येतं. ऑनलाइन १२५ सीसीची नवी कोरी गाडी ११०० डॉलरला मिळतेय, खोक्यातून घरपोच. नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर जवळजवळ तिप्पट पैसे. माझा विचार असा, की १२५चीच घ्यावी, दोघांना पुरेल आणि पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. एकूण बजेट २००० डॉलर. बायकोचा मात्र पूर्ण विरोध आहे. काय करू?
— दोन पोरांचा बाबा, फ्रिस्को

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रात किमतीपेक्षा मला जास्त खटकलं ते 'पुढची चार-पाच वर्षं बघायला नको' हे वाक्य. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. बाही दुमडली, कमरेला पिन लावली की वर्ष निघून जातं. एटीव्हीच्या बाबतीत हा हिशेब जिवावर बेतू शकतो. मोठ्या गाडीवर मूल फक्त बसतं, ती त्याच्या ताब्यात नसते. म्हणून स्वस्त की महाग हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि आधी ही गाडी वळते कशी ते बघू.

मुलांच्या बहुतेक एटीव्हींना मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच सलग अ‍ॅक्सल असतो आणि तो चेनवर फिरतो. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, कारसारखा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण गाडी ते कापू देत नाही, ती सरळच जाऊ बघते. मग चालवणाऱ्याला अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावं लागतं आणि भार बाहेरच्या पायावर द्यावा लागतो. तेव्हा कुठे आतलं चाक हलकं होऊन थोडं घसरतं आणि गाडी वळते. मातीवर हे जमतं. डांबरी रस्त्यावर टायर घट्ट पकडतो, घसरत नाही आणि गाडी उलटू शकते. मित्राच्या फार्मवर जाताना मधला गावरस्ता 'एवढासाच तर आहे' म्हणून पोरीला गाडीवरून पार करू देऊ नका, ते याच कारणाने.

म्हणजे या गाडीचं अर्धं स्टिअरिंग चालवणाऱ्याच्या वजनात असतं. ११० ते १२५ सीसीच्या गाडीचं वजन साधारण १०० ते १२० किलो. तुमची लेक ३० किलोच्या आसपास असेल, मुलगा बावीस-तेवीस. १२० किलोच्या गाडीला २३ किलोचं पोर अंग झुकवून काय वळवणार? आणि उलटलीच तर अंगावरून ढकलून बाहेर कसं येणार? अशा अपघातांत मुलं दगावतात त्यातली बरीचशी गाडीखाली चेंगरून. अमेरिकेत एटीव्ही आणि तसल्या वाहनांच्या अपघातांमुळे दरवर्षी लाखभर माणसं इमर्जन्सीत जातात आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा असतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना तर स्पष्ट सांगते, की १६ वर्षांखालच्या कुणीही एटीव्ही चालवू नये. वहिनींचा विरोध हवेतला नाही. त्यांच्या बाजूला डॉक्टर आहेत. त्या 'हो' म्हणाल्याशिवाय गाडी घेऊ नका. नियम दोघांनी मिळून पाळायचे असतात, एकाने परवानगी द्यायची आणि दुसऱ्याने धास्ती घ्यायची असं होऊन चालत नाही.

माझं स्वतःचं मत सांगते. १० वर्षांची, सांगितलेलं ऐकणारी, सायकल उत्तम चालवणारी मुलगी तिच्या मापाच्या गाडीवर, कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेत, मोठं माणूस समोर उभं असताना शिकू शकते. ७ वर्षांच्या मुलाला यंदा नको.

आता मापाचं. २००८च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत एटीव्हीचं सुरक्षा मानक सक्तीचं केलं आणि २००९पासून ते लागू आहे. त्यात मुलांच्या गाड्यांचे गट सीसीवर पाडलेले नाहीत, वेगावर पाडले आहेत. वाय-६+ म्हणजे सहा वर्षांवरच्या मुलांची गाडी ताशी १० मैलांवर बांधून येते आणि बंधन काढलं तरी १५च्या वर जाऊ नये असं मानक सांगतं. वाय-१०+ आणि वाय-१२+ या गाड्या १५ मैलांवर बांधलेल्या असतात, कमाल ३०. त्यापुढे १४ वर्षांवरच्यांसाठी आणखी एक गट आहे, २० मैलांवर बांधलेला, कमाल ३८. हे वयाचं स्टिकर गाडीवर असलंच पाहिजे. जाहिरातीत 'किड्स' लिहिलेलं असतं, फोटोत आठ वर्षांचं पोर हसत बसलेलं असतं आणि गाडी आल्यावर मडगार्डवर '१६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये' असं छापलेलं निघतं. १२५ सीसीच्या गाड्यांत हे अनेकदा होतं. तेव्हा विकणाऱ्याकडून त्या स्टिकरचा फोटो मागवा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊच नका.

स्टिकर वय सांगतं, अंग नाही. म्हणून शक्य असेल तिथे लेकीला प्रत्यक्ष गाडीवर बसवून बघा. फूटरेस्टवर ती उभी राहिली, की सीट आणि तिच्यात तीन ते सहा इंचांचं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर खड्ड्यात सीटचा दणका थेट अंगाला बसतो. बसल्यावर मांड्या साधारण आडव्या याव्यात. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा: बाहेरचा हात ताठ होता कामा नये, कोपरात वाक राहिला पाहिजे. मूठ हँडलवर ठेवून बोटं सरळ केली, की पहिलं पेर ब्रेकच्या लिव्हरपुढे गेलं पाहिजे. शेवटची चाचणी लोक करतच नाहीत आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. छोट्या हातांना लिव्हर लांब पडला, की मूल ब्रेक दाबायला मूठ सोडतं.

दोघांना एकच गाडी हा बेतही सोडून द्या. दहाच्या मापाची गाडी सातच्या हातात देणं आणि बारावरची दहाच्या हातात देणं, चूक एकच. दोघांनी मिळून एका गाडीवर बसणं तर अजिबात नको. नागावला बहुधा मागे गाडीवाला बसला असेल आणि थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, त्याच्या हातात असेल, त्यामुळे पोरांना ते सोपं वाटलं. मुलांच्या एटीव्हीची सीट लांब असते ती अंग पुढे-मागे सरकवायला. मागे कुणी बसलं, की चालवणाऱ्याला झुकायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या ११०० डॉलरच्या खोक्याकडे येऊ. 'चिनी माल' म्हणून सरसकट नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. या गाड्यांचं आडवं इंजिन होंडाच्या जुन्या 'कब' या छोट्या मोटरसायकलच्या घराण्यातलं आहे. आपल्या हिरो होंडा सीडी १०० आणि स्प्लेंडरचं इंजिनही त्याच घराण्यातलं. साधं, चिवट आणि सुटे भाग स्वस्त. तेल वेळेवर बदललं तर इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतं ते बाकीचं सगळं: वेल्डिंग, चाकाची बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेकच्या केबल, पेट्रोलच्या नळ्या, कच्च्या लोखंडाचे बोल्ट. सीपीएससीने, म्हणजे ग्राहक सुरक्षा आयोगाने, मुलांच्या स्वस्त एटीव्हींबद्दल ज्या सूचना वेळोवेळी काढल्या, त्यांतले दोष वाचले की लक्षात येतं: पार्किंग ब्रेक नाही किंवा धड लागत नाही, वेग ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, हँडलची रचना नियमात बसत नाही. कायद्याने प्रत्येक आयात करणाऱ्याने आयोगाकडून सुरक्षिततेचा कृती आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. गाडीवर मानकाचं स्टिकर आणि ईपीएचं, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेचं, उत्सर्जनाचं स्टिकर नसेल तर ती गाडी या देशात विकायलाच नको होती. आयोगाच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकून परत मागवलेल्या गाड्यांची यादीही बघून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, खोक्यातून आलेली गाडी जोडायची तुम्हालाच. चाकं, हँडल, बंपर, बॅटरी, सगळं. कारखान्यात आवळलेल्या बोल्टवरही भरवसा ठेवू नका. प्रत्येक नट सोडून, थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून पुन्हा आवळावा लागतो. पुढच्या चाकांच्या मोठ्या नटांना कॉटर पिन असते, ती घातलेली आणि वाकवलेली आहे का ते बघायचं. इंजिनात आलेलं तेल काढून चांगलं १०डब्ल्यू-४० भरायचं. पहिल्या तासाभराच्या चालवण्यानंतर सगळं पुन्हा एकदा आवळायचं. हे करायला हात सरावलेले असतील आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) घरात असेल, तर स्वस्त गाडी ठीक चालू शकते. नसेल, तर ती स्वस्त पडत नाही. गॅरेजला द्यायची म्हणाल, तर बरेच डीलर अशा गाड्यांना हात लावत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर नावाजलेल्या कंपनीची वापरलेली गाडी शोधली असती. पोलॅरिसची आउटलॉ ११० आणि स्पोर्ट्समन ११० या १० वर्षांवरच्यांच्या गाड्या आहेत. सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड९० आणि कावासाकीची केएफएक्स ९० दणकट आहेत, पण त्या १२ वर्षांवरच्यांसाठी. कुणी कितीही कमी भावात दिली तरी यंदा घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीची वयोमर्यादा वेगवेगळ्या सालांत बदललेली असू शकते, त्यामुळे ऐकीव माहितीपेक्षा त्या गाडीवरचं स्टिकर खरं माना. नव्या ब्रँडेड गाड्या साधारण अडीच ते चार हजारांच्या आसपास जातात, वापरलेल्या बाराशे ते दोन हजारांत मिळतात. पोरं दोन-तीन वर्षांत मापाबाहेर जातात, त्यामुळे बाजारात माल असतो, आणि तुमची लेक मोठी झाली की तुम्हालाही ती बऱ्या भावात विकता येईल. खोक्यातल्या गाडीला दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही.

वापरलेली बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवा. गरम असेल, तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देते म्हणून आधीच सुरू करून ठेवलीय का, हे विचारा. मग पुढची बाजू जॅकवर उचला. चाक वर आणि खाली असं दोन हातांनी धरून आलटून-पालटून आत-बाहेर ढकला. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेत. हँडल पूर्ण डावीकडे नेऊन अंगठ्याने थ्रॉटल दाबा आणि सोडा. टक्कन परत आला पाहिजे. उजवीकडे नेऊन पुन्हा तेच. केबल कुठे अडकत असेल तर गाडी वळणावर आपोआप रेस होते आणि घाबरलेलं मूल अंगठा आणखी घट्ट दाबतं. पार्किंग ब्रेक लावून उतारावर ढकलून बघा. मागच्या अ‍ॅक्सलजवळ आणि फूटरेस्टजवळ फ्रेमला भेग किंवा नव्याने मारलेलं वेल्डिंग दिसतंय का, ते टॉर्च मारून बघा. थ्रॉटलच्या खोक्याला एक छोटा स्क्रू असतो, तो आत पिळला की थ्रॉटल कमी उघडतो. तो जागेवर आहे ना आणि फिरतो ना, हे बघा, कारण पहिले काही महिने तुमचा मुख्य आधार तोच. बंद करायची दोरी, म्हणजे मुलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची असते ती, ओढल्यावर इंजिन त्याच क्षणी बंद झालं पाहिजे. टेक्ससमध्ये या गाड्यांना टायटल, म्हणजे मालकीचा कागद, लागतं, ते विकणाऱ्याच्या नावावर आहे आणि फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी जुळतो, हे पाहूनच पैसे द्या.

२००० डॉलर पूर्ण गाडीत घालू नका. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, छातीचं संरक्षक कवच, यांना तीनशे-साडेतीनशे बाजूला काढा. हेल्मेट डीओटी (अमेरिकेचा परिवहन विभाग) शिक्क्याचं आणि मुलांच्या मापाचं हवं, सायकलचं चालणार नाही. पट्टा बांधून डोकं हलवलं, की गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. तेसुद्धा वाढत्या अंगाचं घ्यायचं नाही. कमी दाब मोजणारा हवेचा गेज घ्या, कारण या टायरमध्ये हवा जेमतेम तीन ते पाच पीएसआय असते आणि कारच्या गेजवर ती नीट कळत नाही. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला सहा झाली, की गाडी एका अंगाला ओढते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. शिवाय गाडी शेरमनपर्यंत नेणार कशी, याचाही विचार करा: ट्रेलर, रॅम्प, बांधायचे पट्टे. मित्राच्या शेडमध्ये कुलूप लावून ठेवता आली तर खर्च आणि कटकट दोन्ही वाचेल. चावी मात्र तुमच्याकडेच.

एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा प्रत्यक्ष मैदानावरचा कोर्स असतो, अर्ध्या दिवसाचा. लेकीला तो करू द्या आणि तुम्हीही करा. पुढे कधी गिल्मरजवळच्या बार्नवेल माउंटनसारख्या सार्वजनिक ट्रेलवर गेलात तर टेक्ससचा कायदा लागू होतो: १६ डॉलरचं ओएचव्ही (रस्त्याबाहेर चालवायच्या वाहनांचं) स्टिकर, हेल्मेट आणि डोळ्यांचं संरक्षण, चालवणाऱ्याकडे सुरक्षा प्रमाणपत्र किंवा प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसाची थेट देखरेख, आणि १४ वर्षांखालच्या मुलाबरोबर आई-वडील किंवा त्यांनी नेमलेलं मोठं माणूस. खासगी जागेत विचारायला कुणी येत नाही, पण नियम घरचे म्हणून तेच ठेवा.

पहिल्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी त्या १० एकरांवर लेकीला घेऊन पायी फिरा. शेरमनकडची जमीन काळी चिकण आहे, आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानाच्या जातीची. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात आणि छोटं चाक त्यात अडकून थांबतं. पावसानंतर तीच माती चाकाला लाडवासारखी चिकटून ब्रेकपर्यंत भरते. मेस्किटच्या झाडांचे काटे टायरमध्ये घुसतात, हे त्यातल्या त्यात किरकोळ. सगळ्यात वाईट म्हणजे काटेरी तारेचं कुंपण. उन्हात, गवताच्या पार्श्वभूमीवर ती तार दिसतच नाही आणि छोट्या गाडीवर बसलेल्या मुलाच्या ती नेमकी गळ्याच्या उंचीला येते. तारेला दर काही फुटांवर नारिंगी फडकी बांधा आणि कुंपणापासून चांगलं वीस-पंचवीस पावलं आत शंकू ठेवून चौकोन आखा. तळं असेल तर ते चौकोनाबाहेर. पहिले काही शनिवार फक्त त्या चौकोनात: सुरू करणं, थांबणं, इंग्रजी आठाचा आकार, ठरलेल्या शंकूपाशी ब्रेक. थ्रॉटलचा स्क्रू तोवर पूर्ण आत. ब्रेक न बघता हाताशी येऊ लागला, की स्क्रू अर्धा फेरा सोडा. जून ते सप्टेंबर दुपारी चालवणं नाहीच, हेल्मेट आणि कवचाच्या आत मूल तापून निघतं.

मुलाला या सगळ्यात काम द्या: शंकू मांडणं, हवा मोजणं, बहिणीला झेंड्याने थांबवणं. त्याला यंदा चांगली सायकल आणि मातीचा उतार पुरे. आठ-नऊचा झाल्यावर त्याच्या मापाची वाय-६+ गाडी वापरलेली मिळते का ते बघू, तेव्हा पुन्हा लिहा आणि त्याची उंची, वजन कळवा.

नाताळच्या तोंडावर या गाड्यांचे भाव चढलेले असतात, त्यामुळे घाई करू नका. तोवर कोर्सची तारीख घ्या आणि वहिनींना बरोबर न्या.